कार्डफेरीचा सोमवार

मला माणसांची भीती वाटते असं सांगितलं तर आमच्या गल्लीत कुणी विश्वास ठेवणार नाही. तहसीलच्या कारकुनाशी मी भांडते, पाण्याच्या टाकीवर चढते, घरात धामण शिरली तर झाडू घेऊन मीच पुढे असते. भीती वाटते ती एका ठरावीक प्रकारच्या माणसांची. हातात चहाचा कागदी कप घेऊन घोळक्यानं उभी असलेली, एकमेकांना आधीपासून ओळखणारी, आणि मी जवळ गेले की बोलणं अर्ध्यावर थांबवून माझ्याकडे बघणारी. फोटोग्राफरांच्या भेटीला अशी तीस-पस्तीस माणसं एका हॉलमध्ये असतात.

ही भेट दहिवलीत भरते. कर्जत, नेरळ, खालापूर, खोपोलीकडचे लग्नाचे फोटो काढणारे, स्टुडिओवाले, पक्ष्यांच्या मागे फिरणारे हौशी, सगळे येतात. दिवस ठरवायची पद्धत सोपी आहे. पंचांग उघडायचं आणि ज्या दिवशी लग्नाचा मुहूर्त नाही तो दिवस धरायचा. जग ज्या दिवसाला वाईट म्हणतं तो आमच्या धंद्यात सुट्टीचा.

आमचा खालापूरला छोटा स्टुडिओ आहे. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि त्याला चार-चार तास कॅमेरा घेऊन उभं राहणं बंद झालं. तोपर्यंत मी पासपोर्ट साइझ फोटो काढायचे आणि हिशेबाचं बघायचे. मग लग्नाचंही शिकले. शिकायला फार वेळ लागला नाही, लोकांना ते मान्य करायला लागला. नवरा म्हणाला, "तू भेटीला जात जा. काम तिथं वाटलं जातं. एकाला दोन लग्नं एका दिवशी आली की तो दुसरं ओळखीच्याला देतो. तुला कुणी ओळखतच नाही."

पहिल्यांदा गेले तेव्हा चहाच्या टेबलाशी उभी राहिले, कारण तिथे उभं राहायला काही कारण होतं. एक जण आला आणि म्हणाला, "मावशी, बिनसाखरेचा आहे का?" होता. मी दिला. मग त्याच्या मागच्यालाही दिला. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय, झाल्या ओळखी?"

"बारा जणांना चहा दिला," मी म्हणाले.

दुसऱ्या वेळी खुर्चीवर बसून राहिले आणि पोटात दुखायला लागलं म्हणून जेवायच्या आधी निघाले. दुखत खरंच होतं.

तिसरी वेळ ही. तुळशीचं लग्न होऊन मुहूर्त सुरू झाले होते. शनिवारी हळद आणि रविवारी लग्न असं एक काम मी पहिल्यांदाच एकटीनं केलं. आमच्याकडे रोज दूध घालणाऱ्या वहिनींची मुलगी. मागच्या वाडीतलं घर. तिथं माझ्या नावाला विरोध होता. नवरीचा काका, म्हणजे वहिनींचा धाकटा दीर, सगळ्यांदेखत म्हणाला होता, "ती पासपोर्टवाली बाई? नवरीला भिंतीला टेकवून उभी करंल, नि म्हनंल कान दिसूद्या."

वहिनींनी त्याला ऐकवलं, "तुला काय करायचं हाय? तुजे कान तसेबी लांबून दिसतात. बाईच काढंल फोटो. आमाला बायकांच्यात बाप्या नको."

एवढं बोलून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांना स्वतःचा एकच फोटो हवा होता. हळदीच्या दिवशी सकाळी, पाहुणे यायच्या आत, जात्यावर हळद दळताना. "मागनं मला बसायला भेटनार नाय. लग्नात आईचा फोटू कुनी काढत नाय गं." म्हणून शनिवारी मी सात वाजता पोचले आणि सगळ्यात आधी तेच फोटो काढले. त्यांनी केस धुतले होते, नाकात नथ होती. त्यानंतर दोन दिवस त्या मला फक्त पळताना दिसल्या.

रविवारी रात्री घरी आल्यावर लग्नाच्या फोटोंचं मेमरी कार्ड कॉम्प्युटरवर उतरवलं आणि हार्ड डिस्क भरली. हळदीचं कार्ड तसंच राहिलं. नवी डिस्क सोमवारी कर्जतला घ्यायची होती, भेट संपली की. एका दिवसाचा प्रश्न होता.

माझी एक पद्धत आहे. कार्डांचं छोटं पाकीट असतं, त्यात रिकामं कार्ड लेबल वर करून ठेवायचं आणि भरलेलं उलटं, म्हणजे मागच्या सोनेरी पट्ट्या वर. पट्ट्या दिसल्या की हात लावायचा नाही. नवऱ्याची पद्धत, वीस वर्षांची. हळदीचं कार्ड मी उलटं ठेवलं होतं. हे मी शपथेवर सांगू शकते.

सोमवारी दहिवलीच्या हॉलवर पोचले तेव्हा ओळखीची फेरी सुरू झाली होती. एकेकानं उभं राहायचं, गाव सांगायचं, काम सांगायचं. पुढे बसलेले भाऊ प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात. ते अध्यक्ष वगैरे नाहीत, पण आमच्या सगळ्यांचे अल्बम त्यांच्या लॅबमध्ये छापले जातात, त्यामुळे त्यांचा शब्द चालतो. प्रश्न असतो, "कॉपी किती?" उत्तर असतं, "दोन." कामाचे फोटो घरी आल्या आल्या दोन ठिकाणी उतरवायचे, हा धंद्यातला पहिला नियम. नवा माणूस अडखळला तर सगळा हॉल त्याच्या वतीनं ओरडतो, "दोन!" आणि हसतो.

माझी पाळी यायला सात जण होते. मी मनात वाक्य जुळवत होते. खालापूर, स्टुडिओ, लग्न आणि साखरपुडे. हाताला घाम आला होता. रुमाल काढायला पिशवीत हात घातला आणि पाकीट बाहेर आलं, उघडं. पाच कार्डं फरशीवर.

माझ्या शेजारी नेरळची एक जण बसली होती. तिशीची असेल, नव्या सोसायट्यांमध्ये जाऊन तान्ह्या बाळांचे फोटो काढते. हॉलमध्ये बायका आम्ही दोघीच. ती पटकन वाकली, माझ्याआधी. कार्डं उचलली, फुंकर मारली, पाकिटात नीट लावून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बसा काकू, घाबरू नका. चावत नाहीत." मी थँक्यू म्हणाले. पाकीट बंद केलं. तेवढ्यात माझी पाळी आली.

"कॉपी किती?"

"दोन," मी म्हणाले. आवाज बरा निघाला. मला हायसं वाटलं की निदान हॉलला माझ्या वतीनं ओरडावं लागलं नाही. खोटं बोलले हे लक्षातही आलं नाही.

मग कार्डफेरी. हा आमच्या भेटीतला खेळ. प्रत्येकानं आपलं एक रिकामं कार्ड स्टीलच्या परातीत टाकायचं, नावाची चिकटपट्टी लावून. मग डोळे मिटून एकेक उचलायचं. ज्याचं कार्ड तुमच्याकडे येईल, त्याच्यासाठी तुम्ही दोन तास फोटो काढून आणायचे आणि जेवणाच्या वेळी त्याला परत द्यायचे. त्यानिमित्तानं अनोळखी माणसाशी बोलणं होतं. माझ्यासारखीसाठीच केलेला खेळ म्हणा. कार्डावर कुणाचं जुनं काही शिल्लक असतंच, म्हणून निघायच्या आधी सगळ्यांनी मिळून ते पुसायचं. भाऊ आकडे म्हणतात आणि तिसऱ्या आकड्याला सगळे फॉरमॅटचं बटण दाबतात.

परात माझ्यासमोर आली तेव्हा सगळे बघत होते. मी पाकीट उघडलं. पहिलं कार्ड लेबल वर होतं. पट्टी लावली आणि टाकलं.

माझं कार्ड गेलं मशीनगन काकांकडे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, पक्ष्यांचे वेडे. एकदा बटण दाबलं की सोडत नाहीत, सेकंदाला दहा फोटो जातात, म्हणून हे नाव. "आला का हातात बळीचा बकरा?" कुणीतरी काकांना विचारलं आणि माझ्याकडे वळलं. "ताई, तुम्हाला आज पाच हजार शेपट्या मिळणार!" लोक हसले. मीही हसले. मला उद्देशून केलेला तो पहिला विनोद होता.

"एक, दोन, तीन," भाऊ म्हणाले. बटणं दाबली गेली.

काका आणि आणखी तिघं कोंडाण्याच्या लेण्यांकडे गेले. मी इतरांबरोबर पायी नदीवर आले. उल्हासच्या काठी कपडे धुणाऱ्या बायका होत्या, त्यांची परवानगी घेऊन मी चार-पाच फोटो काढले. ज्याचं कार्ड माझ्याकडे होतं ते जुनाट निघालं, अडकायला लागलं. माझं दुसरं वापरावं आणि नंतर त्याला भरून द्यावं म्हणून पाकीट उघडलं.

चारही कार्डांची लेबलं वर होती.

मी तिथेच दगडावर बसले. चारही एकेक करून कॅमेऱ्यात घातली. रिकामं. रिकामं. मागच्या महिन्यातला साखरपुडा. रिकामं. पुन्हा पहिल्यापासून घातली, जणू मधल्या मिनिटात हळद त्यांच्यात येऊन बसली असती. मग ती "नीट लावून" दिलेली कार्डं डोळ्यांसमोर आली, आणि परात, आणि तीन म्हटल्यावर काकांनी दाबलेलं बटण. माझ्यासमोर एक बाई चादर पिळत होती आणि तिचा आवाज मला येत नव्हता.

रडण्यात अर्थ नव्हता. नवऱ्यानं मला शिकवलेलं एक वाक्य आठवत होतं. पुसलेलं कार्ड पुसलेलं नसतं. कुठे काय आहे ती यादी फक्त फाडलेली असते, फोटो आत असतात, बाहेर काढता येतात. पण त्यावर नवा फोटो बसला की त्याच्याखालचा जुना कायमचा गेला. म्हणजे कार्ड ज्या कॅमेऱ्यात आहे त्यानं बटण दाबायचं नाही. आणि ते कार्ड मशीनगन काकांच्या कॅमेऱ्यात होतं.

फोन लावला. बंद. पक्षी बिथरतात म्हणून ते बंदच ठेवतात. बरोबरच्या तिघांपैकी एकाचा नंबर नदीवरच्या एकाकडून घेतला. "काय झालं ताई?" त्यानं विचारलं. "काही नाही," मी म्हणाले. तो नंबर संपर्कक्षेत्राबाहेर. हॉलवर धावत जाऊन स्कूटर काढली आणि निघाले.

कोंदिवड्याच्या रस्त्यावर फार्महाउसच्या भिंती आणि त्यावरचे मोठे फलक सोडले तर मला काही दिसल्याचं आठवत नाही. मी हिशेब करत होते. सेकंदाला दहा. समजा दर पाच मिनिटांनी एकदा बोट दाबलं आणि तीन सेकंद धरलं. हळदीचे सहाशेच्या वर फोटो होते. तासाभरात निम्मे गेले. नवरीला पहिली हळद लावणारे हात गेले, आत्यांचा नाच गेला, बापाचा रडलेला चेहरा गेला. आणि मग मी वहिनींच्या दारात उभी आहे, मागे दीर आहे, आणि तो म्हणतो आहे, मी सांगितलं व्हतं. त्या बाईला जन्मभर ते ऐकावं लागणार होतं. सासरच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक अल्बम उघडताना. माझ्यावर ठेवलेल्या विश्वासाची शिक्षा तिला. मला काय, मी पासपोर्ट फोटोंकडे परत गेले असते.

कोंडाणे गावात स्कूटर लावली. एक बाई ओसरीवर वाल सोलत होती.

"मावशी, कॅमेरावाले वर गेले का?"

"गेलं की. चार जन हायत. तीगं पुढं गेलं." तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "म्हातारा मागं राहिलाय, दम लागलाय त्याला. कुनी घरचं हाय काय गं? काय झालं?"

"काही नाही झालं अजून," मी म्हणाले आणि चालायला लागले.

लेण्यांपर्यंत तासाभराची पायवाट आहे, रानातून. मी ती पळत चढायचा प्रयत्न केला आणि पहिल्या चढालाच छातीत कळ आली, तेव्हा भरभर चालले. वाळलेला पाला पायाखाली एवढा वाजत होता की थांबल्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. म्हणून थांबत होते आणि ऐकत होते. पहिल्या दोन वेळा काहीच नाही. तिसऱ्या वेळी ऐकू आलं.

टर्रर्रर्र.

वरून, झाडीतून. एकसलग, कोरडा, भरभर. मी त्या कॅमेऱ्याचा आवाज हॉलमध्ये ऐकला होता, सगळे त्याची नक्कल करतात. दहा गेले, मी मनात म्हणाले. पुन्हा टर्रर्रर्र. आणखी वीस. आता मी हातांनी मुळं धरून सरळ वर चढत होते, वाट सोडून. मंडपातली लहान मुलं गेली. उखाणा गेला. आजीनं नवरीच्या कानात काहीतरी सांगितलेलं, तेही गेलं. "काका!" मी ओरडले. "काका, थांबा! बटण सोडा! काका!"

एक मोठा पक्षी फडफडत डोक्यावरून गेला आणि आवाज थांबला.

वीसेक पावलांवर, एका खडकाआड, काका उठून उभे राहिले. डोक्यावर हिरवी टोपी, चेहरा रागानं लाल.

"चाळीस मिनिटं!" ते म्हणाले. "चाळीस मिनिटं श्वास रोखून बसलोय मी त्या सुतारपक्ष्यासाठी. खोड ठोकत होता पाठमोरा, आता वळणार होता. उडवलास! काय वाघ मागं लागलाय का तुझ्या?"

टर्रर्र सुतारपक्ष्याचा होता. मला ते कळायला थोडा वेळ लागला. मग मी विचारलं, "किती काढले?"

"कशाचे? तोंड तरी दाखवलं का त्यानं?"

"काका, या कार्डावर किती फोटो काढले? सकाळपासून?"

"गावात शिरताना पेंढ्याच्या उडवीवर वेडा राघू होता. एकदा दाबलं." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "एकोणीस."

मी खाली बसले. बसल्या बसल्याच सांगितलं, हळद, डिस्क, पाकीट, सगळं. काकांनी कॅमेरा बंद केला. मग बॅटरी काढली. मग कार्ड काढून रुमालात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. वर्कशॉपमधला माणूस, आधी तार तोडतो मग बोलतो.

"नशीब त्या पक्ष्याचं," ते म्हणाले. "वळला असता तर तुझी अख्खी हळद मी खाल्ली असती."

उतरताना ते पुढे चालत होते. अर्ध्या वाटेवर थांबले. "असं करू. मी सांगतो, काकानं चुकून भरलेलं कार्ड उचललं आणि पुसलं. म्हाताऱ्याला सोडून देतात. तू नवीन आहेस, तुझं नाव खराब व्हायला नको."

खोटं सांगणार नाही, मला ते फार आवडलं. कोंडाण्यापासून दहिवलीपर्यंत मी स्कूटरवर तेच घोळवत आले. कार्ड माझ्या ब्लाउजमध्ये होतं, पिशवीवर माझा विश्वास उरला नव्हता. अडचण एकच होती. फोटो बाहेर काढायचं सॉफ्टवेअर भाऊंच्या लॅपटॉपवर होतं. भाऊ पहिला प्रश्न कोणता विचारणार हे मला माहीत होतं, आणि त्याचं उत्तर काकांकडे नव्हतं.

हॉलमध्ये पंगत बसली होती. तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं. मी भाऊंच्या टेबलाशी गेले. "हळदीचं कार्ड फॉरमॅट झालंय," मी म्हणाले. "वर एकोणीस फोटो बसलेत. बाकीचे काढून द्याल का?"

भाऊंनी घास खाली ठेवला. "कॉपी किती?"

मागून कुणीतरी सवयीनं म्हणालं, "दोन!"

"एकही नाही," मी म्हणाले.

पंगतीतला आवाज थांबला. मला ज्याची आयुष्यभर भीती वाटत आली ते नेमकं हेच, हॉलभर माणसं बोलणं थांबवून माझ्याकडे बघत होती. "सकाळी मी खोटं बोलले," मी म्हणाले. "कार्डं पडली होती, मी ती तपासली नाहीत." नेरळची ती पानावर बसली होती. तिचा हात तोंडाकडे गेला. मी तिच्याकडे पाहणं टाळलं.

भाऊ उठले, हात धुतले, लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक हिरवी पट्टी आली आणि मुंगीच्या वेगानं पुढे सरकायला लागली. लोक भाकरी हातात घेऊन मागे येऊन उभे राहिले. पहिल्या खेपेला ज्यानं माझ्याकडे बिनसाखरेचा चहा मागितला होता तो चहाचा कप घेऊन आला. "घ्या ताई." मावशीची ताई झाले होते. "माझी तर वरात गेली होती एकदा," तो हळूच म्हणाला. "सगळी वरात. दुसऱ्या दिवशी घोडा परत बोलावला." त्यावर आणखी एकानं आपलं सांगितलं, मग तिसऱ्यानं. हॉलमध्ये अर्ध्याहून जास्त लोकांचं काही ना काही गेलेलं होतं. "दोन!" म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्याचा तर स्वतःच्या बहिणीचा साखरपुडा गेला होता.

मला त्यात धीर वाटला असं नाही. मी पट्टीकडे बघत होते. अर्धी झाली तेव्हा पहिला चेहरा उमटला. नवरीची आत्या, गालावर पिवळं बोट. मग परात. मग पोरं. एकेक येत गेले, सहाशे बारा. मी पुढून मागून दोनदा पाहिले. नाच होता, बाप होता, आजी होती.

पहिले एकोणीस नव्हते. कार्डावर नवं काम पहिल्या जागेपासून बसतं. शनिवारी मी सगळ्यात आधी काय काढलं होतं ते मला पडद्याकडे न बघता माहीत होतं.

राहिलेल्या सहाशे बारांत वहिनी शोधल्या. एका फोटोत पाठ. एका फोटोत ताट धरलेलं कोपर. रविवारच्या लग्नात, घरी जाऊन पाहिलं, तेव्हा अक्षता वाटताना अर्धा चेहरा, पुढे कुणाचं तरी पागोटं.

निघताना नेरळची ती स्कूटरपाशी आली. "काकू, ती कार्डं मी..."

"तपासायचं काम माझं होतं."

तिनं पिशवीतून एक लाल पाकीट काढलं. "भरलेल्यांना वेगळं ठेवा. उलटं-सुलटं नको." मी ते घेतलं. डिस्क घेतली, दोन घेतल्या.

संध्याकाळी वहिनींच्या दाराशी गेले तेव्हा कोंडाण्याच्या चढापेक्षा जास्त दम लागला होता. त्या गोठ्यात होत्या. मांडव अजून उभा होता, झिरमिळ्या लोंबत होत्या. मी म्हणाले, "वहिनी, फोटो गेलेत. माझ्या चुकीनं."

त्यांच्या हातातली पाटी तशीच राहिली. "समदे?"

"नाही. एकोणीस. तुमचे. जात्यावरचे."

"म्हंजी बाकी हायत?"

"आहेत."

"पोरीचे?"

"सगळे."

"नि दीर हाय?"

"आहे. सत्तावीस फोटोंत आहे."

"सत्तावीस!" त्यांनी पाटी आपटली. म्हैस दचकली. "त्या मेल्याचा एक पन गेला नाय नि माजाच गेला?" त्या मोठ्यानं हसल्या, आणि मग हसणं बंद झालं. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मला वाटलं आता येईल ते. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी त्या दिशी केस धुतले व्हते गं," त्या म्हणाल्या.

 

मग त्यांनी विचारलं, "दिराला ठाव हाय?"

"नाही."

"नको सांगू." पाटी उचलली. "सकाळी सातला ये. मांडव परवा उतरनार हाय."

"हळद शिल्लक आहे?"

"हळद नाय. तांदूळ दळीन, वर मूठभर हळद टाकीन. फोटूत वास कोन घेतो?"

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा त्यांचे केस ओले होते आणि नथ घातलेली होती. मांडववाले एक दिवस आधीच येऊन एका बाजूचे बांबू सोडायला लागले होते. "जरा थांबा रं," वहिनी जात्याशी बसता बसता ओरडल्या, "फोटू चाललाय." ते बांबू हातात धरून उभे राहिले. मी अशा बाजूला बसले की सुटलेला कोपरा दिसणार नाही. शनिवारचा उजेड यापेक्षा चांगला होता आणि शनिवारी त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघराची धास्ती होती, ती आता नव्हती. ते काही परत आणता येणार नव्हतं. मी चाळीस काढले.

मग निघाले नाही. लॅपटॉप बरोबर नेला होता. तिथेच ओट्यावर बसून फोटो दोन डिस्कवर उतरवले, दोन्ही उघडून पाहिल्या, कार्ड लाल पाकिटात टाकलं. वहिनी चहाचा कप घेऊन शेजारी उभ्या होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणाले, आणि चहा घेतला.